वाळूवाले साहेब

वाळूवाले साहेबांना गोल्फ खेळता येत नव्हतं. त्यांचा चेंडू सरळ गेलेला मी कधी पाहिला नाही. पण सकाळी मैदानावर सगळ्यांच्या आधी तेच. कमरेला वाळूची पिशवी. दुसऱ्यांच्या काठीनं उकरलेलं गवत दिसलं की गुडघे टेकायचे, खड्ड्यात वाळू भरायची, तळव्यानं दाबायची. खड्डा पाडणारे बाजूनं हसत जायचे. "काय साहेब, माळ्याची नोकरी लागली का?" साहेब मान वर न करता म्हणायचे, "लागली. तुमच्या कृपेनं."

कल्याणच्या पुढं म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली ती वसाहत. नऊ होलांचं मैदान दाखवून कंपनीनं घरं विकली. साहेबांनी त्या हिरवळीसाठी नौपाड्यातलं राहतं घर विकून टाकलं. मी तिथला माळी. त्याआधी ती आमची भातशेती होती. विकली, आणि बापाच्या जमिनीवर मी पगारी माणूस झालो.

साहेबांचा रोजचा पहिला प्रश्न, "होल हलवलास का?" होल, म्हणजे चेंडू पडायचं भोक, एकाच जागी राहिला की भोवती पाय पडून गवत मरतं, म्हणून तो अधूनमधून दुसरीकडं पाडायचा असतो. मला कंटाळा. साहेब म्हणायचे, "बाळाराम, गवताला रजा नसते. म्हणून तुलाही नाही."

एका उन्हाळ्यात होलभोवतीचं बारीक गवत पिवळं पडलं. त्याला ग्रीन म्हणतात. मी भोवती बांध घातला आणि भाताच्या खाचरात ठेवतो तसं दोन दिवस पाणी तुंबवलं. गवत कुजलं. साहेबांनी त्यात बोट खुपसून वास घेतला.

"हे भात नाही, बाळाराम. याला पाणी पाजायचं, बुडवायचं नाही."

"जमीन माझ्या बापाची आहे. तिला काय लागतं ते मला शिकवू नका."

"जमीन तुझ्या बापाची. गवत परगावचं. त्याला विचार."

चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी बघतो तर साहेब स्वतः लोखंडी काटा रोवून जमीन मोकळी करतायत, घामानं निथळतायत. मी हातातून काटा ओढून घेतला. तेवढाच समेट. तिथून पुढं मी त्यांचं ऐकलं, आणि गवत असं आलं की घरी बायको म्हणाली, "भाताला कवा इतका जपला नाय."

मग कंपनीनं माळी कमी केले. सातांचे दोन राहिलो. मशीनच्या पात्याला धार लावणं बंद, त्यामुळं गवत कापायच्या ऐवजी उपटलं जायचं. वाळू बंद. साहेब अर्जावर अर्ज लिहायचे. शेवटी मॅनेजरनं मला सांगितलं, "पाण्याचा वॉल बंद ठेवायचा." मैदान मेलं की तिथं टॉवर उभा राहणार, हे मला तेव्हाच कळलं. माझ्या पोराला त्याच महिन्यात त्यांनी गेटवर सिक्युरिटीत घेतलं होतं. मी वॉल बंद केला.

रहिवाशांची सभा भरली. टॉवरखाली दवाखाना देऊ, असं कंपनीचं आमिष. म्हाताऱ्यांना दवाखाना हवाच होता. साहेब उभे राहिले. "मैदान मरत नाहीये, मारलं जातंय." मॅनेजर म्हणाला, "जमीनच खारट आहे. बाळाराम इथलाच, त्याला विचारा."

"विचाराच," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडं बघून चक्क हसले. त्यांना माझी खात्री होती.

मी म्हटलं, "जमीन खारट आहे."

चार पिढ्या जिनं भात दिलं तिच्याबद्दल मी हे बोललो. साहेब म्हणाले, "बाळारामला जमिनीतलं माझ्याहून जास्त कळतं." आणि खाली बसले. सगळे हात टॉवरच्या बाजूनं वर गेले.

त्यानंतर साहेब मैदानावर आले नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन महिन्यांत ते माजिवड्याला मुलीकडं राहायला गेले.

टॉवरचा पाया खणला तेव्हा खालून काळीभोर माती वर आली. मी जिभेवर ठेवून पाहिली. मिठाचा कण नाही. मूठभर माती फडक्यात बांधून माजिवड्याला गेलेलो. माफी मागायची नाही, हे घरातूनच ठरवून निघालेलो. नुसती माती पुढं केली.

साहेबांनी गाठ सोडली, चिमूट नाकाशी नेली.

"मला कशाला दाखवतोस? त्या दिवशी सभेत दाखवायची होतीस."

मग मी त्यांना गुडघे कसे आहेत विचारलं. मुलीनं चहा आणला, तो प्यालो. दारापर्यंत सोडायला मुलगीच आली.

पुढं साहेब गेले. मला कुणी कळवलं नाही. गेटवरून ड्युटी संपवून आलेल्या पोरानं जेवता जेवता सांगितलं, तोवर तेरावाही होऊन गेला होता.