राजाची पायरी

माझे धाकटे दीर जुन्या पेठेत गाइड आहेत. गल्लीत त्यांना सनावळी म्हणतात, कारण तोंडाला येईल तो सन ते ठोकून देतात. छत्री उंच धरून भावजी पुढे, आणि मागे माना वर करून चालणारी टोपीवाली मंडळी. भिंतीवरची ओल दाखवली तरी फोटो काढतील.

आमच्या दारापुढे गुडघाभर उंच पायरी आहे. गटाराचं पाणी घरात शिरू नये म्हणून माझ्या सासऱ्यांनी बसवलेली. दगड कुठला, तर पाडलेल्या सार्वजनिक संडासाचा. हातगाडी ढकलायला मी होते, पोटात थोरला होता. पण भावजी चाळीस वर्षं सांगतायत, या पायरीवरून राजा घोड्यावर चढायचा. आमच्या बोळात साधी सायकल वळत नाही. राजाचा घोडा कसा वळला, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही.

मागच्या वर्षी पुरातत्त्व खात्याने तिथे पाटी ठोकली: हात लावू नये. खाली राजाची गोष्ट, शब्द न् शब्द भावजींची. ते गल्लीभर मिरवले.

यंदा त्यांचे गुडघे गेले. पायरी चढवेना, उतरवेना, धंदा घरी बसला. फोडायला गवंडी बोलावला, तर तो म्हणाला, "आधी पाटी काढून आणा." मग मीच त्यांना धरून कचेरीत नेलं.

साहेब म्हणाले, "गोष्ट खोटी आहे असं लिहून द्या, उद्या फोडा. गाइडचा बिल्ला तेवढा इथे ठेवून जा."

भावजींनी छातीवरचा बिल्ला मुठीत धरला. "वहिनी, चला."

"अहो, लिहा की. मी साक्ष देते, संडासासकट."

"तुम्हाला इतिहासातलं काय कळतं?"

वाटेभर तोंड फुगलेलं.

आता ते माझ्या स्वयंपाकघरातून मागच्या दाराने ये-जा करतात, माझ्या पुसलेल्या फरशीवर काठी टेकत. परवा मी पायरीवर भाजी निवडत होते. भावजी मागच्या बोळातून वळसा घालून आले, तर दारापुढे थांबलेल्या टोपीवाल्यांच्या कळपातल्या एका बाईने विचारलंच, "स्वतःच्या घराला पुढचं दार असताना मागून का?"

भावजींनी छत्री उंच केली. "राजाची पायरी ती. आमच्या घराण्यात आजवर कुणी तिच्यावर पाय ठेवला नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देठं ओच्यात गोळा केली आणि उठून बाजूला बसले. करता काय, घरचं माणूस पडलं.