हळदीकुंकवाची साक्ष

हे आईलासुद्धा ठाऊक नाही. नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका, मलाच धड कळलेलं नाही.

मला आयरिश ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड होतं. बर्लिनमध्ये नोकरी लागली, त्या सुरुवातीच्या काळात लायब्ररीतून आणून आणून वाचायचे. उठाव, धरपकड, माळ्यावर लपवलेला प्रियकर. दारात शिपाई उभे असतात आणि ती पोरगी शांतपणे सांगते, घरात कुणी नाही. मी ढसाढसा रडायचे. निखिलला वाचून दाखवायचे — निखिल, माझा. आमचं लग्न ठरल्यातच जमा होतं. फितुरांना मी काय काय शिव्या घालायचे! तो हसायचा. "तू असतीस तर काय केलं असतंस गं?" मी म्हणायचे, जीभ तोडून दिली असती, पण तुझं वाईट होऊ दिलं नसतं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात — दुसरं काय?

त्या हिवाळ्यात घरभाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला. निखिल निघाला म्हणून मीही गेले. चौकात ढकलाढकली झाली, एक पोलीस पडला आणि धरलं निखिलला. त्याने ढकललं नव्हतं. कसं ढकलणार? माझी बोटं गारठली होती, ती तो दोन्ही हातांनी चोळत होता. हे माझ्याशिवाय कोण सांगू शकत होतं?

आणि मी — मागे सरले. गर्दीतून निघाले, ऊबान, म्हणजे तिथली मेट्रो, पकडली आणि बर्लिनमधल्याच ओळखीच्या कुलकर्णीकाकूंकडे गेले. त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दारातच त्यांना सगळं सांगून टाकलं. काकूंनी मला आत ओढलं, कुंकू लावलं.

"अगं, तुझं इथे कायमचं राहायचं परमिट व्हायचंय अजून. कुणी विचारलं तर सांगू, दुपारपासून इथेच होती. गेनाऊ, अगदी असंच सांगू, तिळगूळ वळत होती."

काकूंना नावं ठेवू नका. त्या मायेपोटी बोलल्या. खोटं माझं.

पुढे निखिलच्या वकीलबाईंचा फोन आला. मी म्हणाले, मी मोर्चाला नव्हतेच, हळदीकुंकवाला होते. हळदीकुंकू म्हणजे काय, तेही त्यांना जर्मनमध्ये समजावून सांगितलं — वाण वगैरे, अगदी साग्रसंगीत. ऐकताय ना? त्याला तिथे गुन्हेगार ठरवत होते आणि मी वाण समजावत होते.

कादंबरीतली ती पोरगीही खोटंच बोलते. पण कुणासाठी?

मोर्चात काढलेला आम्हा दोघांचा एक फोटो निखिलच्या फोनमध्ये होता. तो त्याने वकीलबाईंना दाखवला असता, तर मला साक्षीला उभं राहावंच लागलं असतं. मी त्याच धास्तीत जगत होते. तो कसा असेल, काय खात असेल — नाही, हे मनात येतच नव्हतं. फोटो दाखवेल का, एवढंच.

त्याला शिक्षा झाली. व्हिसा वाढवून मिळाला नाही. नाशिकला परत जाताना त्याने विमानतळावरून फोन केला.

"आपला तो फोटो मी डिलीट केलाय. तू घाबरू नकोस."

मी रडले नाही. मला हायसं वाटलं.