बिनआरशाचा आरसा

कुरियरवाल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी तव्यावरच टाकली आणि पिठाच्या हातांनी आमच्या कडा गावच्या भर बाजारातून आमच्या किराणा दुकानापर्यंत धावत सुटले. चाळिशी उलटलेली बाई अशी धावते म्हणजे घरात काहीतरी बरंवाईट झालं असणार, असं समजून शेजारचे शिंपी मशीन सोडून बाहेर आले. मी ओरडले, "कॅमेरा आला!" ते परत मशीनवर जाऊन बसले.

"मोबाईलला काय धाड भरलीय?" खोकं फोडताना नवऱ्यानं विचारलं. हाच प्रश्न ते महिनाभर विचारत होते. मी कॅमेरा बाहेर काढला. काय देखणा होता तो! फार भारीतला नव्हे, मधल्या प्रतीचा, पण खास आमच्यासारख्या व्हिडिओ करणाऱ्यांसाठी काढलेला. पडदा दारासारखा बाजूला उघडायचा आणि गर्रकन फिरून आपल्याच तोंडासमोर यायचा. समोर चेहरा दिसला की त्याच्याभोवती चौकोन उमटायचा आणि चेहरा हलेल तिकडे तो चौकोन पळायचा. माईकवर वाऱ्याचा आवाज अडवायला केसाळ टोपी होती. सासूबाईंनी ती बघून विचारलं, "हे मांजराचं पिल्लू कावून बसवलंय ह्याच्यावर?"

खरं सांगायचं तर कॅमेरा त्यांच्यासाठीच होता. दोन वर्षं मी मोबाईलवर आमच्याकडच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकत होते. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, हुलग्याचं माडगं. करायच्या सासूबाई, दिसायचे फक्त त्यांचे हात आणि बोलायचे मी. लोक लिहायचे, "ताई, तुमच्या हाताला काय चव असेल!" पहिल्यांदा मला गुदगुल्या झाल्या. मग लाज वाटायला लागली. विद्या त्यांची आणि वाहवा माझी! एकदा तरी त्यांनी तोंडानं बोलावं, लोकांना दिसावं, हा माझा हट्ट होता. त्यांचं एकच उत्तर. "हात दाव. तोंड न्हाई."

सासरे गेले तेव्हापासून त्या आरशासमोर उभ्या राहत नाहीत. कुणी मनाई केलेली नाही. "आता कुनासाठी बघायचं?" एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. केस विंचरणं, पूजा झाल्यावर कपाळाला तीन बोटांनी विभूती लावणं, सगळं अंदाजानं. येसरात धणे किती, तेही अंदाजानंच. अंदाज हे त्यांचं एकमेव माप.

त्या दिवशी येसर करायचं ठरलं. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे वेगवेगळे भाजून मसाल्यासकट दळायचे, की झालं येसर. लग्नाच्या पंगतीत आमटी होते ती ह्याचीच. मी कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, चढवला. त्या पाटावर बसून कढईतले गहू हलवत होत्या.

"ह्याला काय म्हनत्यात गं?"

"मिररलेस, आई. म्हणजे बिनआरशाचा."

"बरं हाय मग," त्या म्हणाल्या.

माझं दोन वाक्यांचं बोलणं मी त्यांच्या शेजारी बसून आधी उरकून घेतलं आणि कॅमेरा खाली, त्यांच्या हातांकडे वळवणार, तेवढ्यात बाहेरून कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर दणदणीत गाणं लावून आला. मी तडक खिडकी लावायला धावले. पडदा तसाच उघडा, त्यांच्याकडे तोंड करून.

मागून आवाज आला, "अगं, ह्यो चौकोन माज्या मागं कावून लागलाय?"

वळून बघते तर सासूबाई मान डावीकडे नेतायत, चौकोन डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. पदर ओढून तोंड झाकलं, चौकोन गेला. पदर सोडला, हजर! त्या अशा हसल्या, की मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

मग त्या एकदम थांबल्या. पुढे वाकल्या.

"बिनआरशाचा म्हनली व्हतीस. ह्यात तर आरसाच हाय."

मी खिडकीपासून परत आले.

"माजी इभूती वाकडी हाय." त्यांनी कपाळाला हात लावला. "कवापासनं?"

कित्येक वर्षांपासून ती डाव्या भुवईकडे उतरत होती. मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. कशाला दुखवायचं, म्हणून आम्ही सगळे शहाण्यासारखे गप्प होतो.

"लई वर्षं झाली, आई."

त्या माझ्याकडे वळल्या. "दोन वर्सं जगाला माजे हात दावलेस. आन मला माजं कपाळ दावलं न्हाईस?"

गहू करपायला लागले होते. कढई मीच खाली उतरवली. त्या उठल्या, तोंड धुऊन आल्या, देवघरातून विभूती आणली आणि कॅमेऱ्यासमोर बसून, पडद्यात बघत, सावकाश तीन सरळ रेघा ओढल्या. पदर नीट केला. थोडा वेळ स्वतःकडे बघत राहिल्या. माझे डोळे भरून आले होते, पण रडायची सोय नव्हती, कारण लगेच हुकूम सुटला.

"गहू दुसरे घे. आन लाव तुजं यंत्र."

"हातांवर लावू, आई?"

"हातांवर कावून? म्या हितं बसले न्हवं?"

मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. चौकोन त्यांच्या चेहऱ्यावर जाऊन बसला आणि तिथंच राहिला. सासूबाईंनी कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं, घसा खाकरला आणि पहिलंच वाक्य बोलल्या.

"ह्या पोरीला येसर येत न्हाई. त्ये हात माजे व्हते."

त्या व्हिडिओतलं मी काहीही कापलं नाही.