मॉडेलात बसले बाप्पा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधे हसलात तर मी सांगायची थांबेन! आमच्याकडे कोणी मला आर्किटेक्ट म्हटलं की बाबा मुद्दाम खाकरतात. त्या खाकरण्यामागे एवढी मोठी फजिती आहे, की काय विचारता!

तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते, आमच्या गिरीज गावाहून कॉलेजला जायचे. डिझाइनच्या सरांनी काम दिलं होतं. आधी कागदावर चौकोन, त्रिकोण, अर्धगोल चिकटवून एक रचना करायची आणि मग त्याच आकारांचं थर्माकोलचं मॉडेल बनवायचं. "कागदावरून उठवा त्याला!" सर ओरडायचे. "बघणाऱ्याला आत शिरावंसं वाटलं पाहिजे!"

मी उठवलं की! जाड थर्माकोल कापला, कागदावर होते तसेच आकार एका फळीवर चिकटवले आणि ऐटीत सरांसमोर ठेवले.

"हा ढोकळा आहे," सर म्हणाले.

मग मी काही चौकोन उंच केले, काही बुटके ठेवले. पुन्हा नेलं.

"आता हा नीट न फुगलेला ढोकळा आहे. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी शेवटची संधी. आणि पांढरंच हवं, नटवानटवी नको. नाही आणलंस तर टर्म गेली."

टर्म गेली तर बाबांना काय तोंड दाखवणार? त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं, आमची पोरगी बंगले बांधणार म्हणून!

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मॉडेल पुरं करून माजघरात ठेवलं. तेवढ्यात काकांची कार्टी आली. थर्माकोल दिसला की त्यांची नखं शिवशिवतात. आता काय करू? मी पटकन ठोकून दिलं, "खबरदार! ते बाप्पासाठी आहे. हात लावाल तर बाप्पा रागावेल!"

कार्ट्यांनी हात मागे घेतले. मी स्वतःवर जाम खूश! घरात त्या कार्ट्यांशिवाय आणखी कोणाला कान आहेत, हे मात्र मला सुचलं नाही.

सकाळी आईने पिटाळलं, "आगाशीला आत्याकडे वाडीतली हळदीची पानं देऊन ये गं, तिच्या पातोळ्या अडल्यात." गेले. आत्याने चहा पाजला, बस उशिरा आली. घरी पोचते तर आरती चाललेली. मीही टाळ्या वाजवत पुढे गेले, आणि माझे हात हवेतच राहिले.

बाप्पा माझ्या मॉडेलात बसले होते हो!

नुसते बसले नव्हते. भोवती सोनेरी झालर, झेंडूच्या माळा आणि लुकलुकणारे दिवे!

"बाबा, हे काय केलंत?"

"तूच ना पोरांना सांगितलंस, बाप्पासाठी आहे म्हणून? आईने ऐकलं. मी म्हटलं, बाय आमची गुणाची, न सांगता मखर केलं!"

"अहो, ते माझं सबमिशन आहे! परवा न्यायचंय! बाप्पांना जरा बाजूला..."

भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाक्य गिळलं. प्राणप्रतिष्ठा झालेली. आणि आमचे बाप्पा गौरींबरोबर जाणार!

"देवाला कोणी ऊठ म्हणतं का?" आईने दटावलं. "मोदक खा आणि गप्प बस."

मोदक कसला खातेय! नाक्यावरच्या पीसीओवरून सरांना फोन लावला. ते जवळच, नालासोपाऱ्याला राहायचे.

"सर, मॉडेल तयार आहे, पण आणता येत नाही. त्यात गणपती बसलेत."

मग सर म्हणाले, "कारणं खूप ऐकली, हे नवीन आहे. उद्या दर्शनाला येतो."

आले की खरंच! हात जोडले. मग वाकून पाहिलं, बाजूने पाहिलं, झालर उचलूनही पाहिलं.

"वा!" सर म्हणाले.

वा? मी पण नीट पाहिलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फळी जमिनीवर आडवी ठेवली होती. इथे ती भिंतीला टेकून उभी होती! खालचा चौकोन पाटाच्या टेकूवर बाप्पाचं आसन झाला होता, वरचा उंच चौकोन छत्रासारखा पुढे आला होता आणि मधला अर्धगोल बरोबर मुकुटामागे. मधे झकास जागा तयार झाली होती.

"उठवलंस की गं कागदावरून! नटवानटवी माफ. पण फळी उभी करायची कल्पना कोणाची?"

आता तुम्हीच सांगा, टर्म टांगणीला लागली असताना माणूस काय बोलेल?

"माझीच, सर," मी म्हटलं.

तेवढ्यात बाबा प्रसाद घेऊन आले. "अहो सर, हिने तर आडवंच पाडून ठेवलेलं! म्हटलं, देव काय ह्याच्यावर झोपणार आहे? मीच केलं उभं!"

सरांनी मोदक तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"सर, मी पास ना?" मी विचारलं.

"मॉडेल पास," सर म्हणाले. "तू विसर्जनानंतर दुसरं कर."

केलं बाई दुसरं, टर्म वाचली. पण आजही घरी कोणी नकाशा घेऊन आलं, की बाबा खाकरतात आणि त्याला आधी आपल्या शेजारी बसवतात. "हिच्याकडे मग जा. आमच्या घरात पहिल्या फटक्यात पास झालेला मी आहे!"