लाल झेंडीचा वाफा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलंय, आणि भर दुपारी माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

नवा रायपुरात आमचं तळमजल्याचं सरकारी क्वार्टर, मागे अंगण. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले ते जेवणावरचं मन उडालेलं घेऊनच. सोबत एक पुडी होती — आईच्या भरताच्या वांग्यांचं शेवटचं बी. ते लावायचं म्हटल्यावर माणूस जरा हलला. विटा रचून आम्ही तीन उंच वाफे केले. एकात वांगी, एकात लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, एकात मेथी.

आणि वानरं आली. भाजी फस्त, वांग्याची दोन रोपं उपटलेली. जाळी लावली, तीही फाडली. बाबा पुन्हा ताटावरून लवकर उठायला लागले.

मग एके दिवशी त्यांनी ट्रंक उघडली. बाबा रेल्वेत गार्ड होते. दोन लाल झेंड्या, एक हिरवी. वांग्यात लाल, भाजीत लाल, मेथीत हिरवी रोवली.

"बाबा, वान्नेरं काय रेल्वेत होते काय?"

"लाल म्हंजे थांबा. हिरवीत त्यायचा वाटा ठेवला ना. उपाशी काहून ठेवाचं कोनाले?"

माझी मुलगी मराठी समजते, बोलते हिंदी. "नानाजी, बंदर पढ़े-लिखे थोड़ी हैं."

दुसऱ्या दिवशी टोळी आली, कुंपणावर बसली, मेथी खाऊन गेली. बाकी एका पानालाही हात नाही. योगायोग, म्हटलं. पुढच्या रविवारी मी गुपचूप मेथी आणि भाजीच्या झेंड्या बदलल्या... वानरांनी भाजी खाल्ली, मेथी सोडली! बाबा माझ्यावरच चिडले. "सिग्नलसंग मस्करी नाई कराची," म्हणत त्यांनी झेंड्या पुन्हा जागच्या जागी रोवल्या.

वांगी लागली, भरीत झालं, बाबा दोन घास जास्त जेवले. बियाण्यासाठी एकच वांगं झाडावर राखलं. ते पिवळं होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जुन्या रायपुरात, सदर बाजारला नेलं होतं. परतताना वावटळ उठली. गाडीत बाबा एकदम म्हणाले, "वांग्यातली झेंडी ढिली होती वं."

घरी आलो. वांग्याच्या वाफ्यात झेंडी नाही. कुंपणावर अख्खी टोळी रांगेत बसलेली. आणि वाफ्याच्या विटांवर, वांग्यांकडे पाठ करून, एक म्हातारा वानर — मुठीत लाल झेंडीची काठी, सरळ उभी धरलेली. कुणी हलत नव्हतं. मीही नाही.

बाबांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, हळूच मेथीतली हिरवी झेंडी उचलली आणि हलवली. टोळी मेथीत उतरली. सगळी खाऊन गेल्यावर म्हाताऱ्या वानराने काठी विटांवर ठेवली आणि तो सर्वांत शेवटी गेला. पिवळं वांगं जागच्या जागी होतं. मी रडत होते की हसत होते, मला ठाऊक नाही.

वनखात्यातल्या एका ओळखीच्यांना विचारलं. म्हणाले, वानरं कापड ओढतातच. ओढत असतील. पण धरून बसतात?

बी धुऊन वाळवलंय, आता दोन पुड्या आहेत. बाबांना त्या दुपारचं विचारलं की एवढंच म्हणतात, "अवं, गार्ड शेवटच्याच डब्यात बसते." आणि आणखी एक भाकरी मागतात.