पत्ता, शेवटी दहा

प्रतिभा गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सेक्रेटरींनी दोन ओळी टाकल्या होत्या, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि लगेच टाकी धुण्याची सूचना. आमच्या नाहूरच्या इमारतीत ती तीस वर्षं माझ्या शेजारी राहिली. शेवटची दोन वर्षं बोरीवलीला लेकीकडे होती. ती तिकडे का गेली, हे ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. मीही नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर तिने आमच्या चार इमारती आणि मागची चाळ मिळून एक स्वतःचं नेटवर्क उभं केलं. प्रत्येक गच्चीवर वायफायचा एक डबा. एकाने दुसऱ्याला सिग्नल द्यायचा, एखादा बंद पडला तर बाकीच्यांनी वाट काढायची. तिच्या घरातल्या छोट्या सर्व्हरवर शाळेची पुस्तकं, धड्यांचे व्हिडिओ, पाण्याच्या वेळा असं सगळं होतं. लॉकडाउनमध्ये चाळीतली मुलं त्याच्यावरच शिकली, रिचार्ज न मारता. लोकांच्या मोबाइलना नेटवर्कवर रोज कुठलाही पत्ता मिळायचा, पण सर्व्हरचा पत्ता कायमचा. एक लांबलचक आकडा, शेवटी दहा. "बाकीचे भाडेकरू रे," ती म्हणायची, "ह्याने घर बदललं तर पोरांनी शोधायचं कुठे?" नवीन यंत्र जोडायचं तर आधी तिला विचारायचं, एवढा एकच नियम होता.

तो मी मोडला. मी कमिटीवर होतो. सोसायटीत कॅमेरे बसत होते, तेही तिच्याच नेटवर्कवर जोडायचे होते, आणि कॅमेरेवाला म्हणाला, "काका, रेकॉर्डरला एक फिक्स नंबर द्या ना." प्रतिभा गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेली होती. तासाभरात आली असती... मला थांबायचा कंटाळा आला. रोज टाकून टाकून एकच आकडा पाठ झाला होता, तिच्या सर्व्हरचा. म्हटलं, "हा टाक, हा चालतो."

एका पत्त्यावर दोन यंत्रं आली. धडे मधेच गायब व्हायचे, त्या जागी कॅमेऱ्यांचं पान यायचं, आणि सेक्रेटरींच्या मोबाइलवर कॅमेरे दिसेनात. दहावीची परीक्षा तोंडावर होती. चाळीतल्या बायका तिच्या दारात येऊन बोलून गेल्या. तीन दिवस ती तो गुडघा घेऊन चारही गच्च्या चढली, एकेक डबा उघडून बघितला. चौथ्या दिवशी तिला रेकॉर्डर सापडला, तिने त्याचा नंबर बदलला आणि सगळं सुरळीत झालं. पण तोवर मीटिंग लागली होती.

"कॅमेऱ्याला हा नंबर कोणी दिला?" तिने विचारलं. मी मिनिट्स लिहीत होतो, तिचा प्रश्न मी लिहिला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुमचं ते जाळं आहे म्हणूनच ही लफडी होतात ना." डबे काढायचा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत मी होतो. डबे तिने स्वतः काढले, कोणाला हात लावू दिला नाही. काही महिन्यांनी ती बोरीवलीला गेली. मी एकदाही भेटायला गेलो नाही.

परवा गेलो, तिच्या लेकीला भेटायला. चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली, "काका, आईला माहीत होतं. कॅमेरेवाल्याने तिला मीटिंगच्या आधीच सांगितलं होतं."

"मग तिने माझं नाव का नाही घेतलं?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाली, तो आपणहून बोलतो का बघते."

चहा मला संपवता आला नाही.

नाहूरला परतल्यावर सेक्रेटरींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, आता काय त्याचं," आणि शोकसभेत दोन शब्द बोलाल का, असं विचारलं. मी नाही म्हटलं आणि वर गच्चीवर गेलो. डबा होता तिथे भिंतीला चार भोकं पडली होती. जाताना तिने ती बुजवली होती, पाणी झिरपून खालच्यांना त्रास नको म्हणून. थापी वापरलेली नाही. सिमेंटवर तिच्या बोटांच्या खुणा अजून दिसतात.