बोअरचं पाणी आणि आईची डाळ

चाळीतली खोली विकून आम्ही मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आलो आणि आईची डाळ शिजेनाशी झाली. नळाला पाणी एक दिवसाआड, पिण्यापुरतंच यायचं. स्वयंपाक बोअरच्या पाण्यावर. कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी तूर कचकचीत राहायची.

"चाळीत लोण्यासारखी व्हायची," बाबा दाणा बोटानं चेपून बघत. "लक्ष कुठे असतं तुझं?"

आईनं वाणी बदलला, डाळ रात्रभर भिजवली, हळूच खायचा सोडाही घातला. मग तीच म्हणायला लागली, "माझा हातच गेला बहुतेक."

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. शाळेत शिकलेलं दुष्फेन पाणी म्हणजेच कॉलेजातलं हार्ड वॉटर, हे कळायलाही मला वेळ लागला होता. प्रॅक्टिकलला घरचं पाणी आणायला सांगितलं, म्हणून मी बोअरचं नेलं. दर्शकाचे थेंब टाकल्यावर ते जांभळट लाल झालं. ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, द्रावण सोडत जायचं, क्षार संपले की रंग निळा होतो; क्षार जितके जास्त, तितकं द्रावण जास्त लागतं. कॉलेजच्या नळाचं पाणी लगेच निळं झालं. आमचं लालच. मला ब्युरेट पुन्हा भरावी लागली.

"कुठलं गं हे?" मॅडमनी विचारलं. "घरचं," म्हणताना मला उगाच लाज वाटली. उकळून गार केलेलं पाणीही तपासलं. फारसा फरक नव्हता.

घरी आल्यावर आईला सांगितलं, की या क्षारांमुळेच डाळ मऊ होत नाही.

"म्हणजे माझा हात नाही?" ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांना नको सांगू. रविवारी मोठे भाऊजी जेवायला येतायत. खोली विकू नको म्हणून किती बोलले होते ते. डाळ जुनी निघाली म्हणेन मी."

तिनं पुन्हा दोष स्वतःकडे घ्यावा, हे मला पटेना. शनिवारी बाबा पिंप भरत होते, तेव्हा चाचरत सगळं सांगितलं.

"उकळून?" त्यांनी एवढंच विचारलं.

"नाही जात, बाबा."

ते पिंप भरत राहिले.

रविवारी मोठे काका पहिल्या घासालाच म्हणाले, "काय रे, वरण दाताखाली येतंय की!"

"डाळ जरा जुनी..." आई सुरू झाली.

"डाळ चांगली आहे," बाबा म्हणाले. "पाणी जड आहे इथलं. पोरीनं कॉलेजात तपासलंय."

"मग खोली विकायच्या आधी का नाही तपासलंस?"

"तेव्हा पोरगी कॉलेजात नव्हती."

काका हसले. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी वरण पुन्हा वाढून घेतलं.

सोमवारी ते ऑफिसमधून आले तेव्हा हातात तिथल्या नळावर भरलेला पाण्याचा कॅन होता. "डाळीपुरतं," म्हणाले आणि ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला गेले. कुकर उघडल्यावर आईनं एक दाणा चिमटीत धरला. तो लगेच फुटला. ती कितीतरी वेळ बोटं चोळत उभी होती.